मोडीतून उभे राहिलेले घर

भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात. भाणे म्हणजे भांडे, आणि भाण्यांचे गाव ते भंडारा, अशी या नावाची उपपत्ती लोक सांगतात. पितळेच्या धंद्यातला एक जुना रिवाज आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सणाच्या किंवा लग्नाच्या तोंडावर घरातली पोचे पडलेली घागर, चिरलेले पातेले, बिनदांडीची पळी असे सारे गाठोड्यात बांधून दुकानात न्यायचे. तिथे ते तराजूत पडते, घट वजा होते, आणि उरलेल्या वजनाचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून कमी होतात. या जुन्या भांड्यांना मोड म्हणतात. मोड भट्टीत जाते आणि तिचे पुन्हा नवे पितळ होते.

व्यवहार चोख आहे. धातूचा कणही वाया जात नाही. पण त्या घागरीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेले आजेसासूचे नाव, कुणा कारागिराने हौसेने काढलेली वेल, कडीच्या टोकाला बसवलेला पोपट, यांना तराजूत वजन नसते. ते भट्टीत गेले की गेलेच.

पुण्यातल्या एका माणसाने जवळजवळ सत्तर वर्षे हे वजनात न भरणारे तेवढे वेचले. त्याचे नाव दिनकर गंगाधर केलकर. १० जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. चष्म्याच्या दुकानावर त्यांचा चरितार्थ चाले आणि मन कवितेत रमे. अज्ञातवासी या टोपणनावाने ते लिहीत. १९२४ साली अज्ञातनाद हा त्यांचा काव्यसंग्रह निघाला. महाराष्ट्र शारदा या संग्रहाच्या रूपाने त्यांनी इतर कवींच्या कविताही एकत्र आणल्या. पुढे वस्तुसंग्रहामुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले आणि कवी अज्ञातवासी मागे पडला. पण दुसऱ्यांच्या चांगल्या गोष्टी वेचून नीट मांडून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव त्या संपादनातही दिसतो.

जुन्या वस्तू जमवायला त्यांनी १९२०च्या सुमारास सुरुवात केली. त्या काळी संग्रह करणारे लोक नव्हते असे नाही. संस्थानिक हिरे-माणके, तलवारी जमवीत. संशोधक बखरी, ताम्रपट, नाणी शोधीत. केलकरांची नजर मात्र स्वयंपाकघरात, देवघरात, माजघरात आणि न्हाणीघरात शिरली. सुपारी कातरायचा अडकित्ता, टाच घासायची वज्री, कुंकवाचा करंडा, फणी, दौत, सोऱ्या, समई, सोंगट्या, कडीकुलपे या वस्तूंची इतिहासाच्या पुस्तकात नोंद होत नसे. ज्या घरात त्या होत्या, तिथेही त्या रोजच्याच म्हणून कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नसे.

त्या आज पाहिल्या की थक्क व्हायला होते. अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे, पण कारागिराने त्याचा घोडा केला, पक्षी केला, स्त्रीपुरुषाची जोडी केली. वज्रीचे काम तर पायाचा मळ काढण्याचे, पण तिलाही पाखरे आणि घुंगरू लाभले. हे करणाऱ्यांनी वस्तूंवर आपली नावे घातली नाहीत. भांड्यावर नाव असलेच तर ते मालकाचे किंवा आहेर देणाऱ्याचे. ज्याने घडवले तो अज्ञातच. स्वतःला अज्ञातवासी म्हणवणाऱ्या कवीने या अज्ञातांच्या कामासाठी आयुष्य वेचावे, हा योगायोग असला तरी मोठा बोलका आहे.

संग्रहाचे काम सोपे नव्हते. केलकर कुठल्या गादीचे वारस नव्हते, दुकानदार होते. गुजरात, राजस्थान, दक्षिणेतले प्रांत असा मुलूख पालथा घालायचा, ज्या घरात काही दिसेल तिथे गोड बोलून ते मागायचे, नाही मिळाले तर विकत घ्यायचे, आणि ते सांभाळून पुण्याला आणायचे. पैसा पुरत नसे. पत्नी कमलाबाई या साऱ्यात त्यांच्या बरोबरीने होत्या. संग्रहासाठी त्यांचे दागिनेही कामी आले, असे सांगितले जाते. एका घराच्या वस्तू वाचाव्यात म्हणून दुसऱ्या घराने झीज सोसली, हे या कथेत विसरता कामा नये. घरातल्या गृहिणीच्या संमतीवाचून असे छंद तडीस जात नाहीत. बहुतेक चरित्रांत तिच्या वाट्याला एखादी ओळ येते. कमलाबाईंच्या वाट्याला त्याहून अधिक यायला हवे.

या दांपत्यावर मोठा आघात झाला तो मुलाच्या मृत्यूचा. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. संग्रहाचे काम त्याआधीच सुरू झालेले होते, पण पुढे या वस्तूंना आणि वास्तूला त्याचे नाव मिळाले. परगावाहून येणाऱ्या कित्येकांना राजा दिनकर केलकर संग्रहालय ही पाटी वाचून वाटते की कुणी दिनकर केलकर नावाचे राजे होऊन गेले असावेत. मराठी माणसाने ती पाटी जरा सावकाश वाचावी. शाळेच्या पटावर लिहितात तसे ते मुलाचे पूर्ण नाव आहे. आधी त्याचे, मग वडिलांचे, मग आडनाव. जो मुलगा मोठा झाला नाही, त्याचे नाव त्याच्या आईवडिलांनी शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरावर असे कायमचे लावले.

संग्रह वाढत गेला. १९६० पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या आसपास पोचली होती. याच काळात पुण्याचे रूप बदलत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात कोसळले. जे वाचले त्यांतले अनेक पुढे इमारतींसाठी पाडले गेले. कोरीव खांब, महिरपी, दिंडीदरवाजे लाकडाच्या भावाने जाऊ लागले. स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आले आणि पितळ-तांबे मोडीत निघाले. केलकर पूर्वीपासून जे करत होते त्याची निकड आता दिसू लागली.

त्यांच्या संग्रहातली सर्वांत विलक्षण गोष्ट तर एक घरच आहे. बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला १७३४च्या सुमारास महाल बांधला होता. १७४० साली बाजीराव गेला आणि पाठोपाठ मस्तानीही. पेशव्यांच्या कुटुंबाने तिला आपले म्हटले नाही. काळाच्या ओघात तिचा महालही मोडकळीला आला. केलकरांनी त्याचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात तो पुन्हा उभा केला. जिला सासरच्या वाड्यात मानाने राहता आले नाही, तिच्या घराला सव्वादोनशे वर्षांनी एका चष्मेवाल्याच्या घरात जागा मिळाली.

टाकाऊतून घर उभारण्याचा ध्यास इतरत्रही काहींनी घेतला. केलकर पुण्यात अडकित्ते जमवत होते, त्याच दशकात जर्मनीत हानोव्हर शहरी कुर्त श्विटर्स नावाचा चित्रकार टाकून दिलेल्या वस्तूंनी आपल्या राहत्या घराच्या खोल्या आतून नव्याने घडवत होता. १९३७ साली नाझी राजवटीमुळे त्याला देश सोडावा लागला आणि १९४३च्या बॉम्बहल्ल्यात ते घर नष्ट झाले. आपल्याकडे चंडीगडचे नेकचंद यांनी फाळणीत आपले गाव गमावले होते. नवे शहर वसवताना जी खेडी पाडली गेली, त्यांचे भंगार, फुटकी कपबशी, तुटक्या बांगड्या त्यांनी जमवल्या आणि गुपचूप रॉक गार्डन उभारले. १९७६ साली ते लोकांना खुले झाले. तिघांची माध्यमे वेगळी, तऱ्हाही वेगळ्या. श्विटर्स आणि नेकचंद यांनी तुकड्यांतून नवे रूप घडवले. केलकरांनी वस्तू होती तशीच ठेवली. पण जे इतरांनी फेकले त्यात घर पाहण्याची दृष्टी तिघांचीही होती.

आयुष्यभराची ही पुंजी केलकरांनी वारसांसाठी राखून ठेवली नाही, विकलीही नाही. ती त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे सोपवली. पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. देऊन गौरवले. दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजारच मांडता येतात. उरलेल्यांना अजून दालनांची प्रतीक्षा आहे.

एक शंका मात्र मनात येते. घरातून उचलून काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू घराची राहते का? समईत तेल नाही, सोऱ्याला पीठ नाही, अडकित्त्याला सुपारी नाही. शंका रास्त आहे. परंतु त्या वस्तूंपुढे दुसरी वाट भट्टीची होती, हे लक्षात घेतले की केलकरांचे ऋण मान्य करावेच लागते. शिवाय त्या कपाटापुढे उभी असलेली एखादी आजी नातीला वज्री कशी धरायची ते हाताने करून दाखवू लागते, तेव्हा ती वस्तू घटकाभर का होईना, पुन्हा घरात जाते.

प्रत्येकाला केलकर होता येणार नाही, आणि सगळीच मोड जपावी इतकी जागा आपल्या घरांत उरलेली नाही. पण माळा आवरताना आपल्या हातात थोडे असते. गाठोडे बांधण्यापूर्वी भांड्याचा काठ एकदा चिंचेने घासून पाहावा. कुणाचे नाव आहे, कोणत्या साली घातले आहे, आहेर कुणाचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरून घ्यावे. मग वाटले तर भांडे खुशाल कासाराकडे द्यावे. एखादे ठेवावेसे वाटले, तर तेही ठेवावे.