दारातल्या चार छिद्रांमागची परिचारिका

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात ऊस डोक्याच्या वर गेला, की मळ्यातल्या वस्तीवर अंधार पडल्यापासूनच बिबट्याची धास्ती सुरू होते. त्यात मोटारीची वीज रात्रीची असेल, तर पाणी द्यायला बाहेर पडावेच लागते. म्हणून आता अनेक घरांच्या फाटकावर कॅमेरा दिसतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळीला गेलेला मुलगा मोबाइलवर घरचे अंगण पाहून घेतो. दाराबाहेर काय आहे ते दार न उघडता पाहण्याची ही सोय ज्या बाईंनी प्रथम घरासाठी आखली, त्याही अवेळी कामावर जाणाऱ्या-येणाऱ्याच होत्या.

मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांचा जन्म ऑक्टोबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जमैका इथे, एका आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबात झाला. त्या परिचारिका झाल्या. पती अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळे मेरी अनेकदा घरी एकट्याच असत. १९६०च्या दशकात त्या भागात गुन्हे वाढले होते आणि बोलावल्यावर पोलीस वेळेवर येतीलच याची खात्री नव्हती. ड्युटी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते. दारावर थाप पडली की उठून जायचे आणि पलीकडे कोण आहे याचा अंदाज बांधायचा, हे त्यांना नको होते.

दूर बसून कॅमेऱ्यातून पाहणे तेव्हा नवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने रॉकेटच्या उड्डाणावर नजर ठेवायला हे तंत्र वापरले होते. पण ते एका परिचारिकेच्या झोपण्याच्या खोलीपर्यंत आणावे, असे कोणाच्या मनात आले नव्हते. मेरी आणि अल्बर्ट यांनी दाराला एकाखाली एक चार छिद्रे ठेवली. आतून एक कॅमेरा त्यांच्यासमोर वर-खाली सरके. उंच माणूस वरच्या छिद्रातून दिसे, लहान मूल खालच्या. चित्र आतल्या खोलीतल्या टीव्हीवर उमटे, माइकवरून बाहेरच्याशी बोलता येई. ओळखीचा असेल तर बटण दाबून कडी काढायची, नसेल तर दुसरे बटण दाबून धोक्याचा इशारा द्यायचा. १ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. अर्जात मेरी यांचे नाव आधी आहे, पतीचे नंतर. त्या काळात हे सर्रास घडत नसे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लगेच दखल घेतली, पण हे यंत्र घरोघरी काही पोहोचले नाही. पुढे तीसहून अधिक पेटंटांनी मात्र त्याचा आधार घेतला.

ब्राउन दांपत्याच्या योजनेत पाहणारा घरातच होता. आज वस्तीवरचे चित्र इंटरनेटवरून, बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरमार्गे, मोबाइलवर येते. म्हणजे आता कडी दाराला नाही, खात्याला लागते. ती ढिली राहिली की काय होते हे २०१६ मध्ये दिसले. ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले व त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट ठप्प केल्या. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांची कॅमेऱ्यातली चित्रे बाहेर विकली जात असल्याचे उघड झाले. तिथेही मूळ दुखणे कच्च्या पासवर्डचे निघाले.

गावाकडे कॅमेरे बसवून देणारा बऱ्याचदा स्वतःच्याच मोबाइल नंबरवर खाते उघडून देतो. ते तसे ठेवू नये. मुख्य खाते घरातल्या माणसाच्या नंबरवर हवे. मुलाला, सुनेला ॲपमधूनच पाहण्यापुरती परवानगी देता येते. कॅमेरा आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, वायफायचा वेगळा ठेवावा, आणि खात्याला ओटीपीची दुसरी कडी लावावी. बाहेरून दिसावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवण्याची पद्धत अजून चालते. ती सर्वांत धोक्याची, कारण असे उघडे दार शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. ॲपने पुरत नसेल तर राउटरवर व्हीपीएन लावून घ्यावे. ॲप आणि कॅमेऱ्याचे अपडेट आले की टाळू नये. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा मुळात लावूच नये. मेरी यांनीही तिथे ठेवला तो पडदा, कॅमेरा दारातच होता.

२ फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी मेरी यांचे निधन झाले. घरचे अंगण मोबाइलवर पाहण्याचे दिवस तेव्हा यायचे होते. त्यांच्या दोन मुलांपैकी मुलगी नॉर्मा आईसारखीच परिचारिका झाली, आणि संशोधकही.