सालिम अली
सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर, इ.स. १८९६ - २० जून, इ.स. १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म मुंबईत झाला. बर्लिन येथे एर्विन श्ट्रेसेमान यांच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण घेऊन ते इ.स. १९३० मध्ये परतले, तेव्हा निधीअभावी संग्रहालयातील त्यांची नोकरी संपुष्टात आली होती. त्यामुळे ते पत्नी तहमिना यांच्यासह धरमतर खाडीच्या पश्चिमेस असलेल्या किहीम येथे राहू लागले.

तेथे त्यांनी पावसाळ्यात सुगरण पक्ष्याच्या प्रणयाराधनाचा व विणीचा अभ्यास केला. या पक्ष्याचे मराठी नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे नर विणतो. मादी अर्धवट घरट्यांची पाहणी करून एक निवडते. त्यानंतरच नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो. हे निरीक्षण इ.स. १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यामुळे अलींना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून मान्यता मिळाली. इ.स. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण पुरस्कार देण्यात आला.