सारा सिडन्स : चित्रातील सम्राज्ञी

इंग्रजी रंगभूमीवरील शोकनाट्याची सम्राज्ञी म्हणून जिची कीर्ती झाली, ती सारा सिडन्स ५ जुलै १७५५ रोजी वेल्समधील ब्रेकन येथे एका खानावळीत जन्मली. वडील रॉजर केंबल फिरत्या नाटकमंडळीचे चालक. त्यामुळे तिचे बालपण मुक्कामामागून मुक्काम करण्यातच गेले. १७७३ मध्ये विल्यम सिडन्स या नटाशी तिचा विवाह झाला.

डिसेंबर १७७५ मध्ये गॅरिकच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ती लंडनकरांपुढे प्रथम उभी राहिली. दुसरे बाळंतपण होऊन जेमतेम काही आठवडे लोटले होते. प्रयोग पडला आणि पुढील हंगामात तिला बोलावणे आले नाही. नंतरची वर्षे गावोगावच्या प्रयोगांत व बाथ येथे गेली. १० ऑक्टोबर १७८२ रोजी ती त्याच रंगमंचावर इझाबेलाच्या भूमिकेत परतली, तेव्हा मात्र सारे लंडन तिच्यामागे वेडे झाले.

या यशाच्या भरात जोशुआ रेनॉल्ड्सने तिचे चित्र रंगविले. १७८४ च्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. शोकनाट्याची देवता म्हणून सारा ढगांतील सिंहासनावर बसली आहे. मागे दोन छायारूप आकृती, एकीच्या हाती खंजीर, दुसरीच्या हाती प्याला. शोकांतिकेतील करुणा व भय यांची ती रूपे, असा अर्थ लावला जातो. बैठकीत मायकेलअँजेलोच्या सिस्टाइन छतावरील प्रेषितांचा भास होतो. रंग बहुतेक तपकिरी. उजळ आहे तो चेहरा.

हा सगळा थाट बाजूला ठेवला, तर लक्षात राहते ती तिची मुद्रा. एक हात आसनावरून सैल लोंबतो, दुसरा किंचित वर उचललेला. दृष्टी प्रेक्षकाकडे नाही. ही कोणत्याही एका भूमिकेतील सारा नव्हे. संवाद ओठांवर येण्यापूर्वीची ती स्तब्धता आहे. नटीच्या व्यवसायाकडे प्रतिष्ठित समाज संशयाने पाहत असताना (आपल्याकडे तर स्त्रियांनी रंगभूमीवर यावे की नाही, हा वाद विसाव्या शतकातही रंगला!) रेनॉल्ड्सने तिला देवतेचे आसन दिले आणि आपली सही तिच्या वस्त्राच्या काठावर केली. एका थोर चित्रकाराने एका नटीला केलेले हे अभिवादनच होय.

मात्र त्या सिंहासनाखाली किती कष्ट होते, हे चित्र सांगत नाही. सात मुलांची ही आई संसार चालविण्यासाठी दौऱ्यांवर दौरे करीत राहिली. १७९८ मध्ये मारिया आणि १८०३ मध्ये सॅली या तरुण मुली तिने गमावल्या. पुढे पतीपासूनही ती वेगळी राहू लागली.

२९ जून १८१२ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत निरोप घेतला. निद्राभ्रमणाचा प्रवेश संपल्यावर प्रेक्षकांनी पुढचे नाटक होऊच दिले नाही. ८ जून १८३१ रोजी लंडन येथे तिचे निधन झाले. मूळ चित्र आता कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन संग्रहालयात आहे.