योहान केप्लर आणि आठ कलांचा फरक

सूर्य वर्षभर पृथ्वीपासून सारख्याच अंतरावर असतो काय, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात. तसें नाहीं. जानेवारीच्या आरंभीं तो सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटर, तर जुलैच्या आरंभीं १५ कोटि २१ लक्ष किलोमीटर दूर असतो. ऋतु मात्र या अंतरामुळें नव्हे, तर पृथ्वीचा आंस कललेला असल्यामुळें होतात. पृथ्वीचा मार्ग वर्तुळ नाहीं, हें ज्याच्या श्रमांनीं जगास कळलें, त्याचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

योहान केप्लर याचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजीं जर्मनींतील वाइल नामक लहानशा नगरांत झाला. बालपणीं देवी येऊन त्याची दृष्टि अधू झाली. तरी १५७७ सालीं मातोश्रीनें त्यास उंच जागीं नेऊन धूमकेतु दाखविला, तो तो कधींच विसरला नाहीं. धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेनें तो ट्यूबिंगेन येथें शिकला. परंतु १५९४ सालीं ग्राट्स येथें गणिताचा शिक्षक झाला. स्वधर्ममत सोडण्याचें नाकारल्यामुळें १६०० सालीं त्यास तें नगर सोडावें लागलें. तेव्हां प्राग येथें टायको ब्राहे या ज्योतिष्यानें त्यास आश्रय दिला.

टायकोनें दुर्बिणीवांचून, पण कमालीच्या काळजीनें, वर्षानुवर्षें ग्रहांचे वेध घेतले होते. १६०१ सालीं तो वारला व ते वेध केप्लरच्या हातीं आले. ग्रहांच्या गति वर्तुळांनींच सांगाव्या, अशी तेव्हां रूढि होती. केप्लरनेंही मंगळाचें गणित मोठ्या कष्टानें तसेंच बसविलें. परंतु आठ कलांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या दृश्य व्यासाच्या सुमारें चतुर्थांशाचा, फरक उरला. टायकोच्या वेधांत एवढी चूक संभवत नाहीं, हें तो जाणून होता. म्हणून त्यानें वेधांस दोष न देतां स्वतःचें गणितच टाकून दिलें. अखेर मंगळ लंबवर्तुळांत फिरतो, असें त्यास आढळलें व १६०९ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें.

पुढें त्याच्या वृद्ध मातेवर चेटकाचा आळ येऊन ती १४ महिने बंदिवासांत पडली. केप्लरनें स्वतः तिची बाजू मांडली. एकेक आरोप त्यानें तितक्याच बारकाईनें तपासून खोडला आणि १६२१ सालीं ती मुक्त झाली. १५ नोव्हेंबर १६३० रोजीं तो रेगेन्सबुर्ग येथें निवर्तला. पुढें युद्धांत त्याची कबरही नष्ट झाली. परंतु त्याचे नियम राहिले, आणि १६८७ सालीं न्यूटननें त्यांचें कारण गुरुत्वाकर्षणांत दाखविलें.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगाच्या वहींत उत्तर जुळेना, म्हणजे एखादा आंकडा हळूच बदलण्याचा मोह तुम्हांस होतो, हें आम्ही जाणतों. त्या वेळीं केप्लरच्या आठ कला आठवा. तो न जुळणारा आंकडाच कदाचित् खरें सांगत असेल.