रेव्हरंड टिळक व दुरावलेले घर



नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या लाखनीकडील कित्येक ख्रिस्ती घरांत आनंदाबरोबर एक मुके दुःखही येऊन बसते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते व सोयरे जमतात. पण प्रभूकडे आलेल्याला पुष्कळदा बोलावणे येत नाही. नाताळास त्याने बोलावले, तरी सख्खा भाऊ अंगणातूनच परततो. देवाने मला आपले केले, मग माझ्या माणसांपासून का तोडले, असा प्रश्न ज्याच्या मनात उठतो, त्याने रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र ध्यानात आणावे.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. 1880 साली लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे नोकरीसाठी ते राजनांदगावास निघाले. तिकडे जाणारा लोहमार्ग आपल्या भंडारा जिल्ह्यातूनच जातो. त्या आगगाडीच्या प्रवासात एका गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. शब्द दिला म्हणून ते वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनाशी येताच ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. ती वार्ता त्यांना दुरून कळली, आणि त्यांच्यावर जणू आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला उराशी धरून त्यांनी नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरात, दिवस कंठले. शोकाने त्यांची प्रकृती खालावली. टिळकांनाही सुख नव्हते. प्रभू मिळाला, पण घर गेले. ते स्वभावाने तापट होते व त्यांच्या हातून चुकाही झाल्या. हे लपविण्याचे कारण नाही. जो विश्वास धरतो त्याच्यामुळे घरच्यांना किती सोसावे लागते, हे आपण आपल्याच दुःखात पुष्कळदा विसरतो.

तथापि टिळकांनी पत्नीस टाकले नाही. पत्रे लिहिली, भेटीस गेले व वाट पाहिली. सुमारे पाच वर्षे ही ताटातूट राहिली. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास त्यांच्याजवळ आल्या, तेव्हाही आपले सोवळे सांभाळूनच आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी ते सोसले. ओढून आपल्या पंक्तीस बसविले नाही. पुढे जातिभेद देवाने केलेला नसून मनुष्याने केला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने उमगले, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक 9 मे 1919 रोजी प्रभूकडे गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पुढे चालविले. जी एके काळी त्यांच्या विश्वासामुळे रडली, तिनेच त्यांच्या प्रभूची कथा गाइली.

सर्वांच्या घरी असेच घडेल, असे वचन मी देऊ शकत नाही. कोणाचा भाऊ लवकर येईल, कोणाचा मरेपर्यंत येणार नाही. आपल्या प्रभूचे भाऊदेखील आरंभी त्याच्यावर विश्वास ठेवीत नव्हते. पण त्याच्या पुनरुत्थानानंतर तेच माडीवरील खोलीत शिष्यांबरोबर प्रार्थना करताना आढळतात. घरच्यांचा दुरावा काय असतो हे जो स्वतः जाणतो, त्याच्याचपाशी आपण आपले दुःख नेतो.

यास्तव या नाताळात आपले दार उघडे ठेवा. आप्तांच्या देवांची थट्टा करू नका. त्यांच्या घरी दुखणे आले तर बोलावण्याची वाट न पाहता जा. मळणीला हात कमी पडले तर आपले हात द्या. कोणी तुमच्या घरचे न खाता नुसता ओट्यावर टेकला, तर त्याला तेवढेच बसू द्या व प्रेमाने बोला. निराळी चूल पाहूनही टिळकांचे प्रेम आटले नाही; आपलेही आटू नये. प्रभू तुमच्या घरास व दुरावलेल्या आप्तांस शांती देवो. आमेन.