वू झेत्यान

वू झेत्यान (इ.स. ६२४ – १६ डिसेंबर, इ.स. ७०५) ही चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपद धारण करून राज्य करणारी एकमेव सर्वमान्य स्त्री होय. तिने इ.स. ६९० ते ७०५ या काळात राज्य केले. लुओयांग ही तिची राजधानी होती. तेथील राजप्रासादाच्या अवशेषांचे उत्खनन आणि पुनर्रचना झाल्यामुळे तिच्या कारकिर्दीविषयी नव्याने कुतूहल निर्माण झाले आहे.

प्रारंभिक जीवन

तिचे वडील वू शिहुओ हे लाकडाचे व्यापारी होते. तांग राजवंशाच्या संस्थापकास साहाय्य केल्यामुळे त्यांना उच्च अधिकारपद मिळाले. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती सम्राट ताइझोंग याच्या अंतःपुरात कनिष्ठ दर्जाची उपपत्नी म्हणून दाखल झाली. इ.स. ६४९ मध्ये ताइझोंगच्या मृत्यूनंतर प्रथेनुसार तिची रवानगी बौद्ध मठात झाली. परंतु नवा सम्राट गाओझोंग याने तिला राजवाड्यात परत आणले.

सत्तेचा उदय

इ.स. ६५५ मध्ये महाराणी वांग हिला पदच्युत करून गाओझोंगने वू हिला महाराणी केले. या संघर्षात तिने आपल्याच तान्ह्या मुलीचा जीव घेऊन त्याचा आळ वांगवर घातला, अशी कथा नंतरच्या ग्रंथांत येते. मात्र तिला समकालीन पुरावा नाही. इ.स. ६६० पासून गाओझोंगची प्रकृती ढासळली आणि राज्यकारभार हळूहळू तिच्या हाती आला. इ.स. ६८३ मध्ये तो मरण पावल्यावर तिने आपल्या दोन मुलांना एकामागून एक गादीवर बसवले. इ.स. ६९० मध्ये तिने स्वतः सम्राटपद स्वीकारून झोऊ राजवंशाची घोषणा केली.

राज्यकारभार

तिने स्पर्धा परीक्षांद्वारे होणाऱ्या अधिकारी निवडीस चालना दिली, तसेच इ.स. ७०२ मध्ये लष्करी परीक्षा सुरू केली. त्यामुळे जुन्या सरदार घराण्यांबाहेरील माणसांनाही वरच्या पदांपर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली. दी रेनजिए यांच्यासारखे कर्तबगार मंत्री तिने जवळ केले. दुसरीकडे, विरोधकांचा बीमोड करण्यासाठी तिने खबऱ्यांचे जाळे उभारले. लाइ जुनचेन यासारख्या अधिकाऱ्यांनी छळ करून कबुलीजबाब मिळवले आणि तांग राजकुळातील अनेकांना प्राणास मुकावे लागले. इ.स. ६९७ मध्ये खुद्द लाइ जुनचेनलाही मृत्युदंड देण्यात आला.

धर्म आणि वास्तू

कन्फ्यूशियसप्रणीत परंपरेत स्त्रीच्या राज्यपदाला आधार नव्हता. तो तिने बौद्ध धर्मात शोधला. दक्षिण भारतातून आलेले भिक्खू बोधिरुची यांनी इ.स. ६९३ मध्ये लुओयांग येथे रत्नमेघ सूत्राचे भाषांतर केले. स्त्रीरूपात राज्य करणाऱ्या बोधिसत्त्वाविषयीचा मजकूर त्या भाषांतरात घालण्यात आला. लुओयांगजवळील लोंगमेन लेण्यांतील सुमारे १७ मीटर उंचीच्या वैरोचन बुद्धमूर्तीसाठी तिने इ.स. ६७२ मध्ये आपल्या खासगी खर्चातून देणगी दिली होती.

राजप्रासादातील मुख्य सभागृह पाडून तिने तेथे मिंगतांग ही तीनमजली भव्य वास्तू उभारली. तिची उंची तत्कालीन मापाने २९४ चिनी फूट होती. तिच्यामागे प्रचंड बुद्धमूर्तीसाठी त्यानतांग हे उंच मंदिर बांधण्यात आले. काही वर्षांतच दोन्ही वास्तू आगीत भस्मसात झाल्या. मिंगतांग इ.स. ६९६ मध्ये पुन्हा बांधण्यात आले.

अखेर

वारसदार म्हणून भाचा निवडावा की मुलगा, हा प्रश्न तिच्यासमोर होता. इ.स. ६९८ मध्ये तिने पदच्युत केलेल्या मुलास राजधानीत परत बोलावले. इ.स. ७०५ च्या प्रारंभी मंत्र्यांनी व सेनाधिकाऱ्यांनी उठाव करून तिला पदत्याग करण्यास भाग पाडले आणि तांग राजवंश पुनःस्थापित झाला. त्याच वर्षी तिचे निधन झाले. तिच्या अंतिम इच्छेनुसार सम्राट ही पदवी वगळून, महाराणी म्हणून तिचे दफन गाओझोंगशेजारी छ्यानलिंग येथे करण्यात आले. तेथे तिच्या नावाने उभारलेल्या भव्य शिलास्तंभावर मूळचा एकही लेख नाही. आज दिसणारी अक्षरे नंतरच्या काळातील आहेत.

पुरातत्त्वीय अवशेष आणि मूल्यमापन

तिच्याविषयीचे प्रमुख इतिहासग्रंथ पुढील राजवटींतील दरबारी विद्वानांनी लिहिले. स्त्रीने राज्य करणे त्यांना अनैसर्गिक वाटत असल्याने तिची क्रूरता त्यांत ठळकपणे मांडली गेली. त्यामुळे उत्खननातील पुराव्यांना विशेष महत्त्व आहे. लुओयांग येथे १९८० च्या दशकात मिंगतांगचा पाया आणि मध्यवर्ती स्तंभाचा खड्डा सापडला. त्यावर एकविसाव्या शतकात उभारलेल्या संरक्षक वास्तूत हे अवशेष पाहता येतात. या वास्तूचे बाह्यरूप मात्र अनुमानावर आधारलेले आहे. इ.स. १९८२ मध्ये सोंग पर्वतावर एका शेतकऱ्याला सुमारे ३६ सेंटिमीटर लांबीची सुवर्णपट्टी सापडली. इ.स. ७०० मधील या पट्टीवर वू झेत्यानने आपल्या पापांची क्षमा व्हावी म्हणून देवतांकडे केलेली प्रार्थना कोरलेली आहे. ही पट्टी हेनान संग्रहालयात आहे. तिच्या स्वतःच्या वतीने कोरलेला असा मजकूर क्वचितच उपलब्ध असल्याने इतिहासकार त्यास मौल्यवान मानतात.