घरच्या पीसीबीवरचा टोनर आणि त्यामागचा माणूस : चेस्टर कार्लसन

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा घरी पीसीबी बनवायला बसलो. सर्किट अगदी साधं होतं : ५५५ टायमर आणि आळीपाळीने लुकलुकणारे दोन एलईडी. ब्रेडबोर्डवर ते मस्त चालत होतं, आता ते तांब्याच्या बोर्डावर उतरवायचं होतं. लेआउट गुळगुळीत कागदावर छापायचा, कागद बोर्डावर पालथा ठेवून गरम इस्त्री दाबायची, मग पाण्यात भिजवून कागद सोलायचा. व्हिडिओत हे सगळं दहा मिनिटांत झालं होतं. आमच्या घरी इंकजेट प्रिंटर होता, म्हणून मी त्यावरच छापलं. इस्त्री केली, बोर्ड पाण्यात सोडला आणि माझं सर्किट निळसर काळं पाणी होऊन बादलीत विरघळलं.

दुसऱ्या दिवशी तोच लेआउट पेनड्राइव्हमध्ये घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मासिकाचं गुळगुळीत पान मशीनमध्ये अडकेल म्हणून काका आधी तयारच नव्हते. खूप विनवण्या केल्यावर त्यांनी लेझर प्रिंटरवर एक प्रिंट काढून दिली. पुन्हा इस्त्री, पुन्हा बादली. या वेळी कागद निघून गेला आणि काळ्या रेषा तांब्यावर घट्ट बसून राहिल्या. नखाने खरवडल्या तरी हलेनात.

लेआउट तोच, इस्त्री तीच, मग फरक कशामुळे पडला? याचं उत्तर शोधता शोधता मी एका अशा माणसापर्यंत पोहोचलो, ज्याच्या शोधाचं नाव आपण रोज घेतो, पण त्याचं स्वतःचं नाव आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असतं.

टोनर म्हणजे शाई नव्हे

इंकजेटची शाई पातळ असते. ती कागदात मुरते आणि पाण्यात बहुतेक वेळा पसरते. टोनर मात्र कोरडी पावडर असते. तिचा मोठा भाग प्लास्टिकचा, त्यात काळ्या रंगासाठी कार्बन वगैरे मिसळलेला. लेझर प्रिंटर ही पावडर स्थिर विजेच्या जोरावर हव्या त्या जागी चिकटवतो आणि मग गरम रोलरखाली वितळवून कागदावर बसवतो. इस्त्री खाली दाबली की हेच प्लास्टिक पुन्हा मऊ होतं आणि तांब्याला धरून बसतं. प्लास्टिक असल्यामुळे फेरिक क्लोराइड त्याला काही करत नाही. जिथे टोनर आहे तिथलं तांबं वाचतं, उरलेलं विरघळून जातं.

म्हणजे घरचा पीसीबी तीन गोष्टींवर उभा आहे : कोरडी पावडर, स्थिर वीज आणि उष्णता. या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या चेस्टर कार्लसन यांनी.

नकला करून थकलेला पोरगा

चेस्टरचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. वडील न्हावीकाम करायचे, पण क्षयरोग आणि मणक्याच्या संधिवाताने त्यांना काम जमेनासं झालं. कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. चेस्टर आठव्या वर्षापासून छोटी मोठी कामं करू लागला आणि हायस्कूलमध्ये असताना घर चालवणारा तोच होता. तो १७ वर्षांचा असताना आईही क्षयाने गेली.

छपाईचं वेड त्याला लहानपणापासूनच होतं. शाळेत असताना त्याने एका छापखान्यात काम केलं, तिथलं जुनं मशीन मिळवलं आणि रसायनशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी स्वतः मासिक काढायचा प्रयत्न केला. एक एक अक्षर जुळवताना त्याच्या लक्षात आलं, की शब्द कागदावर उतरवणं किती कष्टाचं काम आहे.

कॅल्टेकमधून १९३० मध्ये तो भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला. डोक्यावर कर्ज आणि बाहेर महामंदी. त्याने ८२ कंपन्यांना अर्ज पाठवले, एकीकडूनही नोकरी मिळाली नाही. कॅम्पस प्लेसमेंटचं टेन्शन ज्यांनी घेतलंय त्यांना हा आकडा वाचून थोडं बरं वाटेल. शेवटी न्यूयॉर्कच्या बेल लॅब्जमध्ये आठवड्याला ३५ डॉलरवर काम मिळालं. तिथून ते पेटंट विभागात गेले, १९३३ मध्ये ती नोकरीही गेली, आणि पुढे पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट विभागात ते स्थिरावले.

पेटंटच्या कामात नकला भरपूर लागायच्या. मजकूर पुन्हा टाइप करायचा, खाली कार्बन पेपर लावायचे, मग चुका तपासायच्या. चित्रं असतील तर फोटो काढायला बाहेर पाठवायची, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जायचं. त्याच काळात कार्लसन रात्री कायदा शिकत होते. पुस्तकं विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घ्यायचे. वडिलांसारखाच मणक्याचा संधिवात त्यांनाही होता. बोटं आखडायची, पाठ दुखायची. ऑफिसमध्ये बटण दाबलं की नक्कल बाहेर यावी, असं मशीन त्यांना हवं होतं. त्यांच्यासाठी ती चैन नव्हती, दुखण्यावरचा इलाज होता.

गंधकाची प्लेट

मोठ्या कंपन्या फोटोग्राफीच्या, म्हणजे रसायनांच्या वाटेने जाणार हे त्यांनी ओळखलं आणि मुद्दाम दुसरी वाट धरली. ग्रंथालयात त्यांना हंगेरीचे शास्त्रज्ञ पाल सेलेन्यी यांचं स्थिर विजेने चित्र उमटवण्यावरचं काम सापडलं. काही पदार्थ अंधारात विजेचा भार धरून ठेवतात आणि प्रकाश पडला की सोडतात, हेही त्यांनी वाचलं होतं. या दोन गोष्टी जोडल्या तर? प्लेटला भार द्यायचा, तिच्यावर अक्षरांची सावली पाडायची. उजेडातला भार निघून जाईल, सावलीतला राहील. मग पावडर टाकली की ती फक्त अक्षरांवर चिकटेल.

पहिले प्रयोग क्वीन्समधल्या घरच्या स्वयंपाकघरात झाले. जस्ताच्या प्लेटवर गंधक वितळवताना घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटायचा. मग अ‍ॅस्टोरियात एक छोटी खोली घेतली आणि मदतीला ऑटो कोर्नेई आले. ते ऑस्ट्रियातून आलेले निर्वासित इंजिनिअर होते आणि त्यांनाही काम हवं होतं.

२२ ऑक्टोबर १९३८. कोर्नेई यांनी काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि जागेचं नाव लिहिलं : १०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया. खोलीत अंधार केला. गंधक लावलेली प्लेट रुमालाने घासून तिला भार दिला. काचपट्टी वर ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. पट्टी उचलून लायकोपोडियमची बारीक पावडर भुरभुरवली आणि हळूच फुंकर मारली. जास्तीची पावडर उडाली, अक्षरं राहिली. मग मेणकागद त्यावर दाबून पावडर उचलली आणि गरम केली. मेण वितळलं आणि पावडर कागदावर पक्की बसली.

आपण इस्त्रीने करतो ते याहून फार वेगळं नाही.

वीसहून जास्त नकार

इथे सिनेमा असता तर पुढच्या सीनमध्ये कंपनी उभी राहिली असती. प्रत्यक्षात पुढची सहा वर्षं दारं ठोठावण्यात गेली. आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए, कोडॅक यांच्यासह वीसहून जास्त कंपन्यांनी रस दाखवला नाही. कार्बन पेपर असताना असलं मशीन कोण घेणार, असा साधारण सूर होता. कोर्नेई वर्षभरातच दुसरीकडे नोकरीला गेले. पेटंट १९४२ मध्ये मिळालं, पण ते घ्यायला कोणी नव्हतं. १९४५ मध्ये लग्नही मोडलं. नोकरी, आजारपण आणि नकार हे सगळं एकत्र सुरू होतं, तरी त्यांनी पेटंट सोडलं नाही.

१९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल या संशोधन संस्थेने हे काम हातात घेतलं. तिथे गंधकाच्या जागी सेलेनियम आलं आणि पावडर सुधारली. मग रॉचेस्टरची हॅलॉइड ही फोटो कागद बनवणारी छोटी कंपनी पुढे आली. ग्रीक भाषेतल्या कोरडं आणि लेखन या अर्थाच्या शब्दांवरून झेरोग्राफी हे नाव ठरलं. पहिल्या प्रयोगानंतर बरोबर दहा वर्षांनी, २२ ऑक्टोबर १९४८ ला, ती लोकांपुढे मांडली गेली.

१९४९ चं पहिलं मशीन चालवायला फार किचकट होतं, बरीचशी कामं हाताने करावी लागायची. ऑफिसात ते चाललं नाही. पण ऑफसेट छपाईच्या प्लेटा बनवायला मात्र ते उपयोगी पडलं. म्हणजे टोनरचं पहिलं कमाईचं काम पुढच्या प्रक्रियेसाठी नक्षी उतरवून देण्याचं होतं. पीसीबीवर आपण त्याच्याकडून तेच करून घेतो.

खरं यश आलं १९५९ मध्ये, झेरॉक्स ९१४ या मशीनने. ९ बाय १४ इंचापर्यंतच्या कागदाची नक्कल, तीही साध्या कागदावर, बटण दाबून. मशीनचं वजन होतं जवळपास ३०० किलो. अ‍ॅस्टोरियाच्या त्या खोलीपासून इथपर्यंत २१ वर्षं लागली होती. १९६१ मध्ये कंपनीनेही झेरॉक्स हेच नाव घेतलं, आणि आपल्याकडे तर तो मराठी शब्दच होऊन बसला.

कार्लसन प्रचंड श्रीमंत झाले आणि शांतपणे पैसे वाटत राहिले. सुमारे १० कोटी डॉलर त्यांनी दान केले, त्यातलं बरंचसं नाव न सांगता. सोडून गेलेल्या कोर्नेई यांनाही त्यांनी झेरॉक्सचे १०० शेअर भेट दिले होते. १९ सप्टेंबर १९६८ ला न्यूयॉर्कच्या एका सिनेमागृहात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. लेझर प्रिंटर त्यांनी पाहिलाच नाही. तो त्यांच्यानंतर झेरॉक्समध्येच गॅरी स्टार्कवेदर यांनी घडवला.

आता तुमचा बोर्ड

छापील सर्किटची कल्पना पॉल आइसलर या दुसऱ्या एका माणसाची. ते व्हिएन्ना सोडून लंडनला आले होते आणि त्यांनाही छपाईची चांगली माहिती होती. दोघांचं काम साधारण एकाच काळातलं. टोनर ट्रान्सफर करताना या दोघांचे शोध तुमच्या टेबलावर एकत्र येतात.

माझ्या चुकांवरून चार गोष्टी सांगतो. प्रिंट लेझरचीच हवी, किंवा झेरॉक्स मशीनची. तांबं घासणीने चकचकीत करा आणि नंतर बोट लावू नका, तेलकट डागावर टोनर धरत नाही. फेरिक क्लोराइडसाठी प्लास्टिकचा ट्रे आणि हातमोजे वापरा. स्टीलचं भांडं ते खाऊन टाकतं, आणि वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, त्यात तांबं विरघळलेलं असतं. ते बाटलीत साठवून कॉलेजच्या लॅबमध्ये विल्हेवाटीची सोय आहे का विचारा.

चौथी गोष्ट सगळ्यात महाग पडली. नखाने न निघणाऱ्या रेषांचा तो दुसरा बोर्डही चाललाच नाही, कारण व्हिडिओ बघून मी लेआउट मिरर केला होता. साध्या, पाय आरपार जाणाऱ्या पार्ट्सच्या बोर्डात तांबं खाली असतं आणि सॉफ्टवेअर ते वरून बघितल्यासारखं दाखवतं. इस्त्री करताना ते आपोआप उलटतं, त्यामुळे ते आहे तसंच छापायचं. तांबं पार्ट्सच्याच बाजूला असेल तरच मिरर करायचं.

तिसऱ्या बोर्डासाठी पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी पान अडकेल असं ते काही म्हणाले नाहीत. रात्री उशिरा दोन्ही एलईडी लुकलुकले. तो बोर्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कोपऱ्यात थोडा टोनर घासायचा राहून गेला होता, तो मी तसाच ठेवलाय.